सर्वे नंबर धरून मागे चला : बेळगाव भागातल्या घराण्याची वंशावळ कागदांतून आणि डीएनएतून

वंशावळ शोधायला निघालेला माणूस आधी आडनाव धरून बसतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात गाडी तिथंच अडते. एकाच गावात पाटील चार वेगवेगळ्या भावक्यांचे असतात. गाव सोडून गेलेल्याला नव्या गावात जुन्या गावाच्या नावानं ‘-कर’ लागतं. शंभर-सव्वाशे वर्षांमागच्या कागदात तर आडनाव पुष्कळदा नसतंच, असतं ते नुसतं ‘राणू बिन सटवा’, म्हणजे सटवाचा मुलगा राणू. जमिनीचा नंबर मात्र टिकतो, आणि बदलला तरी कशाचं काय झालं याचा कागद कचेरीत असतो. म्हणून माणसाच्या नावामागं लागण्याआधी घराण्यानं कधीतरी कसलेली एक जमीन पक्की करा. ती आज तुमच्या ताब्यात असायला हवी असं नाही. विकलेली असो, कूळ म्हणून कसलेली असो, वतनात किंवा बलुत्यात मिळालेली असो, ती चालते.

घरातले कागद आणि घरातली माणसं

सुरुवात घरातल्या सर्वांत वयस्कर माणसापासून, आणि शक्यतो बायकांपासून करा. पुरुष आपल्या भावकीपुरतं सांगतात. आजी आणि मावळण (आत्या) मात्र कोण कुठल्या गावची, कुणाची लेक कुठं दिली, कुणाला दुसरी बायको होती, हे न अडखळता सांगतात. फोनवर रेकॉर्ड करा आणि साल विचारू नका, प्रसंग विचारा. प्लेगच्या आधी की नंतर? १९१८ च्या मानमोडीत (इन्फ्लुएंझाच्या साथीत) कोण गेलं? ७२ च्या दुष्काळात नातू शाळेत जात होता का? साल आठवत नाही, प्रसंग आठवतो.

श्राद्धात बाप, आजा, पणजा अशा तीन पिढ्यांची नावं घेतात आणि आईकडच्या तीन पिढ्यांचीही. घरात श्राद्ध होत असेल तर उपाध्यांच्या वहीत किंवा आजोबांच्या तोंडी ही नावं हमखास असतात. ट्रंकेत लग्नातल्या आहेराची वही सापडली तर ती जपून ठेवा. एकेका ओळीत माणसाचं नाव, गाव आणि आहेर असतो. पन्नास वर्षांपूर्वी कुठल्या गावाशी नातं होतं याचा इतका चांगला पुरावा दुसरा नाही. पत्रिका, जुनी रेशन कार्डं, पेन्शनचे कागद, कर्जाच्या पावत्या यांचे दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलेली ओळ कधी कधी पुढच्या मजकुरापेक्षा जास्त कामाची निघते.

शाळेच्या दाखल्यावरच्या जन्मतारखेवर विसंबू नका. शाळेत घालताना मास्तरांनी ‘१ जून’ लिहून टाकलेले दाखले ढिगानं आहेत. त्या दाखल्यातली खरी कामाची जागा म्हणजे जन्मस्थळ. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, त्यामुळं थोरल्या मुलाचं जन्मगाव बहुधा आजोळ असतं. जन्माची नोंद आपल्या गावात मिळाली नाही म्हणून कित्येकजण शोध सोडून देतात. ती आजीच्या माहेरच्या गावाच्या पुस्तकात असते. शिवाय जुन्या जन्ममृत्यूच्या पुस्तकात बाळाला नावच नसतं. बारशाआधी नोंद झालेली असते, म्हणून ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढंच लिहितात. तिथं बापाच्या नावानं पाहायचं.

तुमचं गाव कुठल्या साली कुणाकडं होतं

सीमाभागातल्या शोधात सर्वांत जास्त वेळ चुकीच्या कचेरीत जातो. कागद आजच्या नकाशाप्रमाणं ठेवलेले नाहीत, ते त्या काळच्या राज्याप्रमाणं ठेवलेले आहेत. म्हणून एका कागदावर गावाचं नाव लिहून त्याखाली राजवटींची पट्टी आखून घ्या.

१८१८ पर्यंत यातला बराच मुलूख पेशव्यांकडं होता. त्यानंतर कंपनी सरकार आलं. बेळगाव हा वेगळा जिल्हा १८३६ मध्ये झाला, त्याआधीची अठरा वर्षं हा भाग धारवाड कलेक्टरीत मोडत होता. म्हणजे १८२५ च्या कागदावर ‘जिल्हा धारवाड’ दिसलं तर गाव दुसरं आहे असं समजू नका. कित्तूर संस्थान १८२४ पर्यंत देसायांकडं होतं. शहापूर आज बेळगाव शहरातच आहे, पण ते सांगली संस्थानात होतं. पलीकडचं वडगाव कुरुंदवाड संस्थानचं होतं. रायबाग कोल्हापूर दरबाराकडं होतं आणि रामदुर्ग स्वतंत्र संस्थान होतं. त्यामुळं शहापूरच्या विणकर घराण्याचे कागद शोधताना बेळगावच्या कलेक्टर कचेरीत बसून उपयोग नाही, सांगली संस्थानचं दप्तर पाहायला लागतं. रायबागकरांनी कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात जावं.

संस्थानं विलीन झाली १९४८ च्या सुमारास. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, पण चंदगड तालुका मागं राहिला आणि तो आज कोल्हापूर जिल्ह्यात आहे. त्यामुळं खानापूर आणि चंदगड या दोन्हीकडं भावकी असलेल्या घराण्यांचे १९५६ नंतरचे कागद दोन राज्यांत विभागले गेलेत. तालुक्यांचीही तीच गत. जुन्या कागदात ‘परसगड’ म्हणजे आजचा सौंदत्ती, ‘संपगाव’ म्हणजे बैलहोंगल. निपाणी आता तालुका आहे, पण तिथला जुना कागद चिकोडीचा म्हणून नोंदलेला असतो. कागवाडचा अथणीत, मुडलगीचा गोकाकात. अर्जात आजचा आणि जुना अशी दोन्ही तालुक्यांची नावं लिहा, नाहीतर ‘रेकॉर्ड उपलब्ध नाही’ असा शेरा घेऊन परतावं लागतं.

उताऱ्यापासून मागं

आता जमीन. आजचा उतारा, म्हणजे ज्याला कर्नाटकात पहाणी किंवा आरटीसी म्हणतात, तो काढा. त्यात ९ नंबरच्या रकान्यात मालकाचं नाव असतं. आपल्या कामाचा रकाना १० नंबरचा. जमीन त्या माणसाकडं कशी आली हे तिथं लिहिलेलं असतं आणि सोबत फेरफाराचा नंबर असतो. तो नंबर घेऊन त्या फेरफाराची नक्कल मागायची. त्या नक्कलेत त्याआधीच्या मालकाचं नाव मिळतं, त्याच्या नावाचा मागचा उतारा काढायचा, त्यातून त्यामागचा फेरफार. हे असं जिना उतरल्यासारखं एकेक पायरी चालतं. मधली पायरी चुकवून खाली उडी मारू नका. दोन ‘सटवा’ एकच समजण्याची चूक तिथंच होते.

संगणकावरचा उतारा २००० नंतरचा. त्यामागं हातानं लिहिलेल्या पहाण्या, त्यामागं मुंबई राज्यातला सातबारा आणि ‘डायरी’, म्हणजे हक्कपत्रकाची नोंदवही. हक्कपत्रकाचा कायदा १९०३ चा आणि त्याची घडी बसली ती १९१३ नंतर, त्यामुळं बहुतेक गावांत ही साखळी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत सलग जाते. त्याच्या मागं सर्वेच्या वेळचे कागद : आकारबंद, कडईपत्रक, टिपण. कडईपत्रकात सर्वे नंबराप्रमाणं कुणाची कसली जमीन हे असतं, आणि तिथं तुमच्या खापरपणज्याचं नाव ‘बिन’सह सापडायची चांगली शक्यता असते. आपल्याकडच्या पुष्कळ गावांत जुनाच सर्वे नंबर हिस्सा पडून चालू आहे, ४५ चा ४५/२ आणि मग ४५/२अ. काही गावांत ब्लॉक नंबर पडलेत. चंदगडात एकत्रीकरणानंतर गट नंबर आले, तिथं आधी गटाचा जुना सर्वे नंबर कोणता हे सांगणारा एकत्रीकरणाचा उतारा काढावा लागतो.

नोंद हाती आली की नुसती नावं उतरवून घेऊ नका, ती वाचा. नमुन्यादाखल अशी एक नोंद बघा, ती आम्ही रचलेली आहे पण भाषा डायरीतलीच :

‘राणू बिन सटवा मयत ता. ३-७-१९२८. वारस मुलगे १) सटवा व. २२, २) भरमा व. १४ अ.पा.क. आई गंगू कोम राणू. ए.कु.मॅ. म्हणून नं. १ चे नाव दाखल.’

‘कोम’ म्हणजे ‘-ची बायको’, इथं राणूची बायको गंगू. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता, मूल लहान असल्यानं त्याच्या वतीनं पाहणारा. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. आता यातून काय निघतं? थोरला सटवा १९०६ च्या सुमारास जन्मला, भरमा १९१४ च्या. मॅनेजर म्हणून फक्त सटवाचं नाव लागलं, म्हणजे पुढच्या उताऱ्यात भरमा दिसला नाही तरी त्याचा हिस्सा होता आणि त्याची पोरंबाळं कुठंतरी आहेत. गंगू भरमाची पालनकर्ती आहे, पण ती सटवाची आई आहे असं ही नोंद सांगत नाही. आठ वर्षांचं अंतर आहे, राणूला आधीची बायको असू शकते. ‘गंगू’समोर प्रश्नचिन्ह ठेवा आणि सटवाचं आजोळ वेगळं शोधा. आणि थोरल्या नातवाला आज्याचंच नाव पडलंय हे लक्षात घ्या. राणूचा बाप सटवा, राणूचा मुलगा सटवा, त्याचा मुलगा पुन्हा राणू निघेल. याच सवयीमुळं कितीतरी वंशावळींत दोन पिढ्या गळालेल्या असतात. नाव जुळलं की भावाचं नाव, वय आणि एकर-गुंठे जुळतात का पाहा. दोन पिढ्यांमधलं अंतर पंधराच्या खाली किंवा पन्नासच्या वर निघालं तर काहीतरी चुकलंय.

नोंदीची तारीख आणि मृत्यूची तारीख एक नव्हे. वारसा लावायची वर्दी कधी कधी दहा-पंधरा वर्षांनी दिली जाते, कर्ज काढायची वेळ आली की लोकांना आठवण होते. नोंदीत ‘मयत ता.’ स्वतंत्र दिली असेल तरच ती धरा.

लेकींची नावं या साखळीत जवळजवळ नसतात. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर मात्र वारसनोंदीत मुली येऊ लागल्या, आणि त्यांनी भावांना लिहून दिलेली हक्कसोडपत्रं सब-रजिस्ट्रारकडं नोंदलेली असतात. त्यात बहिणीचं नाव, नवऱ्याचं नाव, सासरचं गाव आणि वय एका जागी मिळतं. एका हक्कसोडपत्रावर चार बहिणी असल्या तर चार गावं हाती लागतात.

जमीन नावावर नसलेल्या घराण्यांनी हताश होऊ नये. कूळ म्हणून कसणाऱ्यांचं नाव उताऱ्याच्या १२ नंबरच्या रकान्यात असे. १ मार्च १९७४ पासून लागू झालेल्या कूळ कायद्याच्या दुरुस्तीनंतर लोकांनी ‘७ नंबरचा फॉर्म’ भरून हक्क मागितला, त्या ट्रिब्युनलच्या फायलींत वाटण्या, भाऊ, जबाब सगळं येतं. गावच्या वतनदारांची, मग ते पाटील-कुलकर्णी असोत की महार, तराळ, सनदी, वतनं कर्नाटकात १ फेब्रुवारी १९६३ पासून खालसा झाली आणि जमिनी परत देण्यासाठी ‘रीग्रँट’च्या फायली झाल्या. कोण कुणाचा वारस हे ठरवल्याशिवाय रीग्रँट होत नसे, त्यामुळं या फायलींत तहसीलदारांपुढं मांडलेली वंशावळ असते. १८७४ च्या वतन कायद्याखालच्या नोंदवह्याही याच कारणासाठी पाहण्यासारख्या आहेत. इनामदार घराण्यांनी १८५२ च्या इनाम कमिशनचे कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात पाहावेत. तिथं इनाम खरं हे सिद्ध करायला लोकांनी सनदा आणि वंशवृक्ष जोडलेले आहेत. पण लक्षात ठेवा, इनाम वाचवायला दिलेला वंशवृक्ष हा दाव्याचा कागद आहे. सोयीचा वारस पुढं आणि गैरसोयीचा मागं ठेवलेला असू शकतो.

कचेरीत अर्ज करताना ‘आमच्या घराण्याचे सगळे जुने कागद द्या’ असं लिहू नका. गाव, सर्वे नंबर, फेरफार नंबर, साल, एवढं नेमकं लिहा आणि प्रमाणित नक्कल मागा. रेकॉर्ड रूममधून उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा, फी १० रुपये. अर्ज कन्नडमध्ये लिहून नेलात तर काम लवकर होतं. आपली भाषा मराठी असली तरी समोरच्या कारकुनाला वाचता यावं हे आपल्याच फायद्याचं. आणि संगणकावर नाव शोधताना कन्नड लिपीचं एक ध्यानात असू द्या : तिथं ऱ्हस्व ए-ओ आणि दीर्घ ए-ओ ही वेगळी अक्षरं आहेत. ‘मोरे’ हे नाव ऱ्हस्व ‘ओ’नं टाइप केलं असेल तर दीर्घ ‘ओ’नं शोधून सापडणार नाही. ‘कृष्णा’ आणि ‘क्रिष्णा’, ‘देसाई’ आणि ‘देसायी’, ‘चव्हाण’ आणि ‘चौहान’ असे सगळे पर्याय टाकून पाहा.

मोडी आणि जुनी सालं

१९०० च्या मागं गेलात की मोडीशिवाय पान उलटत नाही. सगळं मोडी शिकायची गरज नाही. आपल्या गावाचं नाव, घरातली पाच-सहा नावं, आकडे आणि ‘बिन, कोम, मौजे, कसबे, परगणे, मयत, दत्तक’ एवढं ओळखता आलं की आपला कागद कोणता हे कळतं. मोडीत ऱ्हस्वदीर्घ पाळत नाहीत, अनुस्वार बऱ्याचदा गाळतात, आणि शब्द सुटे करत नाहीत. एखादं अक्षर अडलं तर त्याच पानावर, त्याच हातानं लिहिलेल्या ओळखीच्या शब्दात, म्हणजे गावाच्या नावात वगैरे, ते अक्षर कसं वळवलंय ते पाहा. दुसऱ्या लेखकाच्या अक्षराशी ताडून उपयोग नाही. मोडी जाणकाराला पैसे देऊन वाचून घेणार असाल तर सारांश घेऊ नका, ओळीला ओळ देवनागरी घ्या. सारांशात ‘दत्तक’ हा एक शब्द गळला तरी सगळं झाड चुकतं.

सालं अरबी शब्दांत येतात. इहिदे १, इसन्ने २, सलास ३, अर्बा ४, खमस ५, सीत ६, सबा ७, समान ८, तिसा ९, अशर १०. पुढं अशरीन २०, सलासीन ३०, अर्बैन ४०, खमसैन ५०, सितैन ६०, सबैन ७०, समानीन ८०, तिसैन ९०, मया १००, मयातैन २००, अलफ १०००. सगळ्यांची बेरीज करून ५९९ मिळवायचे. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे १ + ६० + १०० + १०००, झाले ११६१. त्यात ५९९ मिळवले की १७६०. हे वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून जानेवारी ते मे मधल्या तारखेला ६०० मिळवा. पानिपतची लढाई जानेवारी १७६१ मधली, ती याच ११६१ सालात येते. आपली बेरीज बरोबर आहे का हे तपासायला ही खूण कायम ध्यानात ठेवा. शके दिसला तर ७८ मिळवा, पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंत ७९.

हेळवी आणि क्षेत्रोपाध्ये

कचेरीत जे नाही ते हेळव्याच्या पोथीत असतं. सुगी झाली की हेळवी गावात येतो, ठरलेल्या घरांपुढं बसून कुळी, मूळ गाव, पिढ्या म्हणून दाखवतो आणि नवी जन्मलेली नावं चढवून घेतो. घरोघरचा हेळवी ठरलेला असतो, म्हणून भावकीतल्या थोरल्या घरी चौकशी करा : आपला हेळवी कोण, कधी येतो, फोन आहे का. तो आला की घाई करू नका. आधी त्याच्या लयीत सगळं म्हणू द्या, रेकॉर्ड करा. मग एकेक नाव सावकाश लिहून घ्या आणि परवानगी असेल तर पानाचा फोटो घ्या. पोथी विकत मागू नका, ती त्याची भाकरी आहे. बिदागी मात्र मनापासून द्या, त्यानं दिलेली माहिती पैशात मोजता येण्यासारखी नाही.

हेळव्याकडचं ताजं पाच-सहा पिढ्यांपर्यंतचं भरवशाचं असतं, कारण ते घरच्यांनीच सांगून चढवलेलं असतं. त्याच्या मागं घराणं थेट एखाद्या राजाशी नेऊन जोडलेलं असलं तर ते परंपरा म्हणून लिहून ठेवा, पुरावा म्हणून नको. त्यातलं मूळ गावाचं नाव मात्र सोडू नका. ते गाव आणि आपलं कुलदैवत जुळतं का पाहा. मंगसुळीचा खंडोबा, सौंदत्तीची यल्लम्मा, चिंचलीची मायाक्का, वाडी रत्नागिरीचा जोतिबा, खानापूर-चंदगडाकडचा रवळनाथ : घराणं कुठून सरकलं याची दिशा दैवतावरून बऱ्याचदा कळते.

पंढरपूर, त्र्यंबकेश्वर, नाशिक, गोकर्ण इथल्या क्षेत्रोपाध्यांच्या चोपड्या गावाप्रमाणं असतात. जाताना जुन्या तालुक्यासह गावाचं नाव सांगा. या नोंदीचं मोल मोठं, कारण आलेल्या माणसानं स्वतः बाप, आजा, चुलते, भाऊ, मुलगे सांगितलेले असतात, कधी खाली त्याची सही असते, आणि सोबत आलेल्या बायकांचीही नावं असतात. पणजीचं नाव आमच्या पाहण्यात सर्वांत जास्त वेळा इथंच सापडतं.

घराण्यातलं कुणी मराठा पलटणीत होतं का हेही विचारा. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात मराठ्यांच्या पलटणी मोठ्या प्रमाणावर होत्या, १०३, ११० आणि ११७ नंबरच्या तर कुतच्या वेढ्यात अडकल्या. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत पडलेल्या शिपायासमोर पुष्कळदा बापाचं नाव, गाव आणि जिल्हा दिलेला असतो. गावाचं इंग्रजी स्पेलिंग वेडंवाकडं असतं, तेव्हा जिल्ह्यावरून शोधा. वाटणीचे दावे असतील तर १९५६ च्या आधीची अपिलं मुंबई हायकोर्टात गेलेली असतात, आणि छापील निकालांत सुरुवातीलाच घराण्याचं झाड दिलेलं आढळतं.

डीएनए : एक प्रश्न घेऊन जा

डीएनए कागदाची जागा घेत नाही. कागदांतून उरलेल्या एका नेमक्या प्रश्नाचं उत्तर तो देतो, आणि प्रश्नाप्रमाणं चाचणी निवडावी लागते.

बापाकडून मुलाकडं जाणारा वाय क्रोमोसोम भावकीच्या प्रश्नाला. आईकडून सगळ्या मुलांना जाणारा मायटोकॉन्ड्रियल डीएनए आईच्या आईच्या आईला. आणि ऑटोसोमल चाचणी, म्हणजे आईबाप दोघांकडून येणाऱ्या बाकीच्या क्रोमोसोमांची, दोन्हीकडच्या नात्याला, पण जवळच्याच. आईबाप आणि मूल यांच्यात सुमारे ३४०० ते ३५०० सेंटिमॉर्गन (जुळणारा डीएनए मोजायचं माप) जुळतात, सख्ख्या भावंडांत २६०० च्या आसपास, चुलत-मामे भावंडांत सरासरी ८६६, त्यांच्या मुलांमुलांत २२९, त्याच्या पुढच्या पिढीत ७३. त्या तिसऱ्या पायरीवर दहातल्या एका जोडीत काहीच जुळत नाही, चौथ्यावर निम्म्यांत नाही. म्हणजे ‘जुळलं नाही’ याचा अर्थ नातं नाही असा होत नाही.

आपल्याकडं या आकड्यांत आणखी एक मेख आहे. हे आकडे बाहेरच्या समाजांत मोजलेले आहेत. आपण पिढ्यान्‌पिढ्या जातीतच लग्नं केलीत, त्यातही मामाची मुलगी करायची रीत, आणि कर्नाटकाकडच्या काही समाजांत मामा-भाचीचं लग्नही. त्यामुळं दोन माणसं पाच वाटांनी दुरून नात्यात असतात आणि बेरीज फुगते. आकडा जवळचं नातं दाखवतो, प्रत्यक्षात ते बरंच लांबचं असतं. यावर उपाय म्हणजे एकूण बेरीज न पाहता सलग तुकडे पाहणं. ७ सेंटिमॉर्गनच्या खालचे तुकडे सोडून द्या. ६० ची बेरीज आठ-आठच्या तुकड्यांनी झाली असेल तर ते जातीतलं जुनं सामाईक आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही. त्यातच ३० चा एक सलग तुकडा असेल तर अलीकडचा एक पूर्वज शोधण्यात अर्थ आहे. आईबाप किंवा आजीआजोबा हयात असतील तर चाचणी आधी त्यांची. मूल निम्मंच घेतं, आजी गेली की तिच्या डीएनएतलं पुष्कळ कायमचं जातं.

सीमाभागात सर्वांत उपयोगी पडते ती वाय चाचणी. समजा खानापूर तालुक्यातली एक भावकी आणि चंदगडातली त्याच नावाची भावकी एकाच पुरुषाची आहे असं हेळवी सांगतो, पण कागद मिळत नाही. दोन्हीकडचा एकेक पुरुष घेऊन भागत नाही. प्रत्येक बाजूचे दोन-दोन घ्या, आणि त्या दोघांचा एकमेकांशी संबंध शक्य तितका लांबचा असू द्या. ३७ मार्करची, म्हणजे वाय क्रोमोसोमवरच्या ३७ ठरलेल्या जागा तपासणारी, चाचणी पुरते. आधी एका बाजूचे दोघे आपापसात जुळतात का पाहा. ते जुळले आणि समोरच्यांशी फरक ० ते ३ निघाला तर हेळव्याच्या म्हणण्याला जोर आला. ४-५ असेल तर १११ मार्कर करा. ६ किंवा त्याच्या वर असेल तर जवळच्या काळात एक पुरुष असण्याची शक्यता फार कमी.

एकाच बाजूचे दोघे जुळले नाहीत तर गोंधळू नका, कागद पुन्हा काढा. दत्तक किंवा घरजावई, ही दोन कारणं आधी तपासा. वतनदार घराण्यांत विधवेनं दत्तक घेणं सर्रास होतं. दत्तक बहुधा भावकीतलाच असे, तेव्हा वाय चाचणी बिनबोभाट जुळते आणि दत्तक झाला हे कळतही नाही. दत्तक बहिणीचा किंवा मुलीचा मुलगा असेल तर वाय बदलतो. घरजावयाच्या पोरांना सासरच्या जमिनीबरोबर सासऱ्याचं आडनावही चिकटतं, तिथंही तेच.

अहवालात हॅप्लोग्रुप, म्हणजे फार जुन्या एका पूर्वजापासूनचा मोठा गट, येतो, आर१ए, एच, एल असं काहीतरी. तो हजारो वर्षं जुना असतो आणि तो एकाच वेळी अनेक जातींत, अनेक भाषांत सापडतो. त्यावरून जात, कुळी किंवा राजघराणं ठरत नाही, कुणी पैसे घेऊन ठरवून देत असेल तर देऊ नका. भारतीयांच्या जनुकांवरच्या २०१३ च्या अभ्यासात उत्तर-दक्षिण पूर्वजांची सरमिसळ ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी सर्वदूर झाली आणि नंतर ती थांबत गेली असं दिसलं. बंद जाती ही त्यानंतरची गोष्ट.

किट मागवण्याआधी कंपनी आपल्या पत्त्यावर पोहोचवते का आणि नमुना परत पाठवायची सोय काय, हे लेखी विचारून घ्या. थुंकी घेणाऱ्या किटला अर्धा तास आधी काही खायचं-प्यायचं नाही, तंबाखू तर नाहीच. वयस्करांच्या तोंडाला कोरड असते, नळी भरत नाही, त्यांच्यासाठी गालातून काडी फिरवायची चाचणी बरी. आणि नमुना घेण्याआधी त्या माणसाला स्पष्ट विचारा : नको ते कळलं तर तुम्हाला सांगायचं की नाही? उत्तर लिहून ठेवा आणि पाळा. खात्यावर पूर्ण नावाऐवजी आद्याक्षरं द्या, हयात माणसांची नावं झाडावर उघडी ठेवू नका.

लिहून ठेवताना

प्रत्येक नावासमोर कागद कोणता, कुठल्या कचेरीतला, नोंद नंबर आणि तारीख लिहा. फक्त ऐकलेलं पेन्सिलीनं, कागदावर पाहिलेलं शाईनं. दोन कागदांत दोन वयं असतील तर सरासरी काढू नका, दोन्ही ठेवा. झाडाची एक प्रत थोरल्या घरी, एक चंदगडाकडच्या भावकीकडं, एक बाहेरगावी असलेल्या कुणाकडं ठेवा. आणि पुढच्या सुगीला हेळवी दारात आला की त्याच्यासमोर ही वही उघडा. हक्कसोडपत्रांतून आणि क्षेत्रोपाध्यांच्या चोपडीतून मिळालेल्या लेकींची, सुनांची, त्यांच्या गावांची नावं त्याच्या पोथीत चढवून घ्या.